वर्गातील नाट्यीकरण : प्रत्येक मुलाची भूमिका



वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आले म्हणजे आपल्या शाळांतून नाटकाची तयारी सुरू होते. स्वच्छ उच्चाराची, धीट स्वभावाची आठ-दहा मुले निवडली जातात. तीच मुले दरवर्षी पाठ केलेली भाषणे म्हणतात आणि उरलेल्या मुलांच्या वाट्याला सतरंज्या अंथरण्याचे व टाळ्या वाजविण्याचे काम येते. कार्यक्रम उत्तम पार पडतो, पालक संतुष्ट होतात. परंतु ज्या मुलांना नाट्यशिक्षणाची सर्वांत अधिक गरज असते, नेमकी तीच मुले त्यापासून वंचित राहतात. घरी अहिराणी, कोरकू किंवा गोंडी बोलणारे मूल, ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर परगावी गेलेले मूल, स्वभावतःच अबोल असलेले मूल, यांपैकी कित्येकांनी वर्षभरात वर्गासमोर एक पूर्ण वाक्यही उच्चारलेले नसते. हजेरीपटावर त्यांची उपस्थिती लागते. वर्गाच्या बोलण्यात मात्र ती गैरहजरच असतात.

यास्तव प्रस्तुत लेखात संमेलनातील नाटकाचा नव्हे, तर रोजच्या भाषेच्या तासातील नाट्यीकरणाचा विचार करावयाचा आहे.

१. नाट्यप्रयोग आणि नाट्यीकरण

नाट्यप्रयोग प्रेक्षकांसाठी असतो. नाट्यीकरण हे ते करणाऱ्या मुलांसाठी असते. पहिल्यात लेखकाची वाक्ये पाठ करावी लागतात. दुसऱ्यात कथेचा प्रसंग ठरलेला असतो, वाक्ये मुलांनी आपल्या बुद्धीने उभी करावयाची असतात. इंग्लंडमधील शिक्षक काल्डवेल कुक यांनी केंब्रिज येथील पर्स शाळेत भाषेचे अध्यापन याच मार्गाने केले व त्याचे विवेचन १९१७ साली ‘द प्ले वे’ या ग्रंथात मांडले. आपल्याकडे तर नाटक हे लोकशिक्षणाचे साधन म्हणून फार पूर्वीच ओळखले गेले होते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीता स्वयंवर’ सादर केले. त्यानंतर बाराच वर्षांनी, १८५५ साली, महात्मा फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. भोळ्या शेतकरी जोडप्याची होणारी फसवणूक आणि अखेर त्या जोडप्याचे शिक्षणाकडे वळणे, हा त्याचा विषय होय. नाटक पाहणाऱ्याने केवळ रमू नये, तर विचारही करावा, ही दृष्टी त्यात स्पष्ट दिसते. वर्गातील नाट्यीकरणाचेही प्रयोजन हेच आहे.

२. साधने

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. यांपैकी आहार्य म्हणजे वेशभूषा, रंगभूषा इत्यादी. खर्च लागतो तो येथेच, आणि वर्गात याचीच गरज सर्वांत कमी असते. शरीर, वाणी आणि मन ही तीन साधने प्रत्येक मूल घरून बरोबर घेऊन येते. एक उपरणे, एक काठी आणि मध्ये मोकळी केलेली जागा एवढ्यावर आपले काम भागते. मुलांना अर्धवर्तुळात बसवावे, म्हणजे कोणाकडे पाठ होत नाही आणि शेवटचे बाकही उरत नाही.

३. नमुना पाठ

इयत्ता चौथी. पटसंख्या तीस. कथा पंचतंत्रातील, बोकड खांद्यावर घेऊन जाणाऱ्या माणसाची. वाटेत तीन ठग त्याला निरनिराळ्या ठिकाणी गाठतात. पहिला म्हणतो की हे कुत्रे आहे, दुसरा म्हणतो मेलेले वासरू आहे, तिसरा म्हणतो गाढव आहे. शेवटी तो माणूस भयभीत होऊन बोकड टाकून पळतो आणि ठगांचे फावते. मूळ कथेत तो ब्राह्मण आहे. आपण त्यास ‘वाटसरू’ म्हणावे. वाटसरू, बोकड आणि तीन ठग मिळून पात्रे पाच होतात. तीस मुलांचे सहा गट पडतात आणि कोणीही रिकामे राहत नाही. पटसंख्येस पाचाने भाग जात नसेल, तर उरलेल्या मुलांना निरनिराळ्या गटांत सूत्रधार करावे.

पहिली तासिका : कथाकथन व मूकाभिनय. शिक्षकाने पुस्तक न उघडता कथा सांगावी. नंतर सर्व मुलांनी उभे राहून, एक शब्दही न बोलता, बोकड खांद्यावर घेतल्याचा अभिनय करावा. त्याचे पाय कोठे धरावयाचे? मान कोणत्या बाजूस वळते? चार पावलांनंतर खांदा का बदलावासा वाटतो? येथे शिक्षकाने स्वतः उत्तर देऊ नये. वर्गात शेळ्या राखणारे एखादे मूल असतेच. पुष्कळदा ते मागे बसणारे, वाचनात कच्चे ठरलेले मूल असते. त्याला पुढे बोलवावे आणि सर्वांना दाखविण्यास सांगावे. वर्गास ठाऊक नसलेली गोष्ट आपणांस ठाऊक आहे, हा अनुभव त्या मुलास शाळेत बहुधा प्रथमच येतो.

दुसरी तासिका : वाचिक अभिनय. फळ्यावर एकच वाक्य लिहावे : ‘हा बोकड माझा आहे.’ प्रथम ‘हा’ या शब्दावर, मग ‘बोकड’ या शब्दावर, मग ‘माझा’ या शब्दावर आणि शेवटी ‘आहे’ या शब्दावर जोर देऊन ते म्हणवून घ्यावे. शब्द तेच असूनही अर्थ चार होतात, हे मुलांच्या कानांनाच कळते. नंतर तिन्ही ठगांचे स्वर निराळे करावेत. पहिल्याने आश्चर्याने विचारावे, दुसऱ्याने कीव करावी, तिसऱ्याने दरडवावे. आवाज पोहोचविणे म्हणजे ओरडणे नव्हे. श्वास पुरेसा घ्यावा आणि वाक्याचा अखेरचा शब्द गिळू नये, एवढे सांगणे या वयास पुरे.

तिसरी तासिका : गटातील उभारणी. सहाही गट एकाच वेळी काम करतील. गलबला होईल, त्यास भिऊ नये. प्रत्येक गटाने प्रसंग पाच वेळा करावा आणि दर वेळी भूमिका बदलाव्यात. पाच फेऱ्यांत प्रत्येक मूल वाटसरू, बोकड व तिन्ही ठग होऊन जाते. वाक्ये मुलांच्या घरच्या बोलीत आली तर आनंदाने येऊ द्यावीत. बोलीत निघालेले वाक्य मध्येच थांबवून शुद्ध करावयास लावले की मूल वाक्यही सोडते आणि भूमिकाही सोडते.

चौथी तासिका : पात्राला प्रश्न आणि लेखन. एका मुलाने वाटसरू होऊन मधोमध बसावे आणि वर्गाने त्याला प्रश्न विचारावेत. पहिल्या ठगावर तू विश्वास ठेवला नाहीस, मग तिसऱ्यावर का ठेवलास? खांद्यावर हात फिरवून तू एकदा पाहिले का नाहीस? तिघांची तीन उत्तरे निराळी होती, हे तुझ्या ध्यानात कसे आले नाही? त्याने वाटसरू म्हणूनच उत्तरे द्यावीत. असत्य वारंवार कानी पडले की मनुष्य स्वतःच्या डोळ्यांवरही अविश्वास करू लागतो, हे तात्पर्य मग शिक्षकाला सांगावे लागत नाही. गावात पसरणाऱ्या अफवा आणि भ्रमणध्वनीवरून येणारे खोटे निरोप यांची उदाहरणे मुले आपण होऊन देतील. त्यानंतर निवडक संवाद फळ्यावर प्रमाणभाषेत लिहून अवतरणचिन्ह, प्रश्नचिन्ह व उद्गारचिन्ह यांचा उपयोग समजावून द्यावा. मूळचे बोलीतील वाक्य शेजारीच लिहावे. दोन्ही वाक्ये एकमेकांजवळ आली म्हणजे प्रमाणभाषा ही मुलाला दटावणारी न राहता, त्याच्याच वाक्याचे दुसरे रूप वाटू लागते.

पाचवी तासिका : सादरीकरण व चर्चा. प्रत्येक गटास चार मिनिटे द्यावीत. पाहणाऱ्यांनाही काम नेमून द्यावे. एका रांगेने आवाज ऐकावा, दुसरीने हालचाली पाहाव्यात, तिसरीने वाटसरूचे मन कोणत्या क्षणी डळमळले तो क्षण टिपावा. चर्चेत आधी ‘काय पटले’ ते सांगावे, नंतर ‘आणखी काय करता येईल’ ते सांगावे. क्रमांक व बक्षिसे नकोत.

४. भूमिका देताना घ्यावयाची दक्षता

या पद्धतीतील सर्वांत नाजूक भाग हाच होय. ठग कोणी व्हावे, हे वर्गाच्या मनात पुष्कळदा आधीच ठरलेले असते. गावाने ज्या वस्तीकडे संशयाने पाहावयाचे ठरविले आहे, त्या वस्तीतील मुलाकडे मुले बोट दाखवितात. इंग्रजी राजवटीने १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु तो शिक्का लोकांच्या मनातून सर्वत्र पुसला गेलेला नाही. अशा कुटुंबातील मुलाच्या वाट्यास वर्गात नेहमी चोराचीच भूमिका येत असेल, तर शाळा स्वतःच्या हाताने तो शिक्का पुन्हा मारीत आहे, असे म्हणावे लागेल. भूमिका फिरत्या ठेवण्याचे खरे कारण हे आहे. प्रत्येक मुलाने ठग व्हावे आणि प्रत्येक मुलाने वाटसरू व्हावे. पहिल्या फेरीच्या भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात.

हाच नियम मुलींना लागू करावा. वाटसरू ‘बाई’ असण्यास कथेत कोणतीच अडचण नाही. अपंग मुलास त्याच्या व्यंगावर बेतलेली भूमिका कधीही देऊ नये. जे मूल बोलण्यास मुळीच तयार नसेल, त्याने पहिल्या फेरीत बोकड व्हावे. बोकडाला वाक्य नसते, परंतु त्याच्यावाचून नाटकही नसते. पुढच्या फेरीत बहुधा ते मूल आपण होऊन तोंड उघडते. न उघडल्यास त्याच्यावर सक्ती करू नये. पुढील कथेची वाट पाहावी.

५. लहान शाळांसाठी

एक किंवा दोन शिक्षकांच्या शाळेत हे कसे साधावे, असा प्रश्न रास्त आहे. पहिली ते चौथीची मुले एकत्र घेऊन गट पाडावेत आणि प्रत्येक गटात मोठी व लहान मुले मिसळावीत. चौथ्या तासिकेतील लेखन इयत्तेप्रमाणे निराळे ठेवावे. पहिलीने चित्र काढावे, दुसरीने एक वाक्य लिहावे, तिसरी-चौथीने पूर्ण संवाद लिहावा.

६. नोंद

गुणदानाऐवजी एक साधी नोंदवही ठेवावी. मुलाचे नाव, दिनांक आणि त्या दिवशी त्याने आपणहून उच्चारलेले एक वाक्य, एवढेच त्यात लिहावे. सत्राच्या अखेरीस ज्या नावापुढील जागा कोरी राहिली असेल, त्या मुलासाठी पुढील पाठाची योजना करावी.

वर्षातून एकदा होणाऱ्या नाटकासाठी आपण जेवढे श्रम घेतो, त्यांचा काही अंश दरमहा एका पाठाकडे वळविल्यास पुरे. या महिन्यात आपल्या पाठ्यपुस्तकातील एक कथा निवडावी, तिच्यातील पात्रे मोजावीत व त्याप्रमाणे वर्गाचे गट पाडावेत. पाठटाचणात इतर मुद्द्यांबरोबर एक ओळ अवश्य लिहावी : आज कोणत्या मुलाचा आवाज वर्गाने प्रथम ऐकला? पुढील केंद्रसंमेलनात आपण सर्वांनी त्या नोंदी बरोबर आणाव्यात, अशी विनंती आहे.