देणाऱ्या देशांच्या रांगेत भारत : मुलांना संधी कुठे?

मुलीने ‘डेव्हलपमेंट सेक्टर’चं नाव काढलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे एनजीओ का?’ आणि दुसरा, पगाराचा. काळजी रास्त आहे, पण क्षेत्र बदललंय. एकेकाळी मदत देणारे देश म्हणजे प्रामुख्याने अमेरिका, युरोप, जपान. आता चीन, तुर्कस्तान, ब्राझील, दक्षिण कोरिया यांच्याबरोबर भारतही देणाऱ्यांत ठळकपणे दिसतो. परदेशी अधिकारी-तंत्रज्ञांना प्रशिक्षण देणारा ‘आयटेक’ कार्यक्रम आपण 1964 मध्येच सुरू केला. 2012 मध्ये परराष्ट्र मंत्रालयात विकास भागीदारीचा स्वतंत्र विभाग झाला.

त्या विभागात मात्र नोकऱ्या मोजक्याच. संधी शोधायची तर पैसा कसा फिरतो ते पाहा. सरकारच्या वतीने मुंबईची एक्झिम बँक एखाद्या देशाला सवलतीचं कर्ज देते. ती रक्कम त्या देशाच्या तिजोरीत जात नाही, काम करणाऱ्या भारतीय कंपनीला थेट मिळते. शिवाय साधारण 75 टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्याव्या लागतात. मालदीवमध्ये मालेला शेजारच्या बेटांशी जोडणाऱ्या पुलासाठी भारताने 40 कोटी डॉलरचं कर्ज आणि 10 कोटी डॉलरचं अनुदान दिलं. काम मिळालं मुंबईच्या ॲफकॉन्सला. अशा प्रकल्पांवर सिव्हिल इंजिनिअर लागतात, तसेच टेंडर तयार करणारे, हिशेब तपासणारे, पर्यावरणाचा अहवाल लिहिणारेही.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला : ‘इंटरनॅशनल डेव्हलपमेंट’च्या परदेशी पदवीसाठी बारावीपासूनच घर गहाण टाकण्याचा विचार करू नका. आधी इंजिनिअरिंग, अकाउंट्स, शेती, आरोग्य असं एक काम पक्कं शिका, दोनेक वर्षं प्रत्यक्ष करा. मग पुढच्या शिक्षणासाठी ‘टिस’ (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) किंवा परदेश.

आणि भाषा! दहावीला मार्कांसाठी घेतलेली फ्रेंच आपली मुलं निकालाच्या दिवशीच सोडून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सेनेगल, आयव्हरी कोस्टमध्ये सरकारी कागद फ्रेंचमध्ये चालतात, मोझांबिकमध्ये पोर्तुगीजमध्ये. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी भाषा शिकता येतात.

पालकांनो, एक गोष्ट लपवत नाही. अनेक नेमणुका प्रकल्पापुरत्या असतात, घरापासून लांब असतात. हे मुलांशी आधीच बोलून घ्या. आणि ‘यूएनमध्ये लावून देतो’ म्हणत कुणी पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका. संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाहीत.