जीर्ण कटिशूल व जानुशूल : बाह्य उपक्रमांचा क्रम आणि मर्यादा

तेल्हारा तालुक्यात निंदण व डवरणीचे दिवस आले की चिकित्सालयात कंबर व गुडघ्याच्या शूलाचे रुग्ण वाढतात. ग्रीष्मात संचित झालेला वात वर्षाऋतूत प्रकुपित होतो आणि त्याच काळात दिवसभर वाकून काम करावे लागते. काळ व कर्म हे दोन्ही हेतू एकत्र येतात. यांपैकी अनेक रुग्ण आमच्याकडे येण्यापूर्वी महिनोन्महिने वेदनाशामक गोळ्या घेत असतात. अशा गोळ्यांचे दीर्घकाळ सेवन मूत्रपिंडास अपायकारक ठरू शकते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडविकार हा आधीच चिंतेचा विषय असल्याने येथे बाह्य उपक्रमांचे मोल अधिक आहे. मात्र ते योग्य क्रमाने व्हावयास हवेत.

साम-निराम परीक्षा

शूल म्हटला की तेल, हा सरसकट नियम नव्हे. सकाळी सांधे जखडणे, शोथ, अंगगौरव, अरुची, जिव्हेवर लेप आणि तेल लावल्यावर वेदना वाढणे ही सामावस्थेची लक्षणे होत. चक्रदत्ताने आमवातात लंघन व रूक्ष स्वेद यांना अग्रस्थान दिले आहे. स्वच्छ वाळू कढईत तापवून, जाड सुती कापडात बांधून, स्वतःच्या हाताच्या पाठीवर उष्णता पाहूनच शेक द्यावा. लाघव येईपर्यंत स्नेहन टाळावे.

निरामावस्थेतील उपक्रम

रूक्षता, सांध्यात कटकट आवाज व स्नेहाने उपशय असल्यास अभ्यंग करून पत्रपोट्टली स्वेद द्यावा. निर्गुंडी, एरंड, रुई यांची पाने आपल्या बांधावरच मिळतात. कटिबस्ती व जानुबस्ती यांचे या नावाने स्वतंत्र वर्णन बृहत्त्रयीत नाही. शिरोबस्तीच्या धर्तीवर त्या रूढ झाल्या. उडदाच्या पिठाची पाळ बसवून कोमट तेल 30 ते 45 मिनिटे धारण करावे. थंड झालेले तेल कापसाने काढून गरम पाण्यावर कोमट करावे. एका रुग्णाचे तेल दुसऱ्यास वापरू नये.

स्वेदाच्या मर्यादा

चरकाचार्यांनी अस्वेद्यांत मधुमेही, गर्भिणी, पित्तरोगी आदींची गणना केली आहे. मधुमेहात पायाची संवेदना मंदावते. चटका बसूनही रुग्णास कळत नाही. म्हणून मधुमेहाची विचारणा व स्पर्शपरीक्षा झाल्याशिवाय शेक देऊ नये. अकोल्याच्या उन्हाळ्यात तापमान 45 अंशांपलीकडे जाते, तेव्हा मृदू स्वेदच इष्ट.

व्यायाम व रुग्णशिक्षण

चरकाने 13 साग्नी स्वेदांसह 10 निरग्नी स्वेद सांगितले असून त्यांत व्यायाम येतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जीर्ण कटिशूलाविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत रुग्णशिक्षण, व्यायाम, मर्दन यांना स्थान आहे. कंबरपट्टा, कर्षण, अल्ट्रासाऊंड व टेन्स यांचा नित्य वापर मात्र तीत अमान्य केला आहे. वेदना ओसरताच रुग्णास त्याच्या बळानुसार हालचालीस प्रवृत्त करावे. केवळ पडून राहण्याचा सल्ला देऊ नये.

औषधालयचालकांसाठी

"दुखण्याचे तेल द्या" अशी मागणी आल्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : सूज वा सकाळची जखडण आहे काय? तेलाने दुखणे वाढते काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असल्यास तेल न देता रुग्णास वैद्याकडे पाठवावे. कंबरपट्टाही सरसकट देऊ नये.

त्वरित संदर्भन

मलमूत्रावरील ताबा जाणे, पायाचे बळ घटत जाणे, ज्वर, अकारण वजन घटणे, कर्करोगाचा पूर्वेतिहास वा अपघातानंतरचा शूल असल्यास कोणताही बाह्य उपक्रम न करता रुग्णास तत्काळ अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या सुसज्ज रुग्णालयात पाठवावे. मलमूत्रावरील ताबा गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत काही तासांचा विलंबही कायमचे पंगुत्व आणू शकतो. तेथे पोट्टली बाजूस ठेवणे हीच योग्य चिकित्सा होय.