परक्या ॲपवर बंदी घालावी का?

रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. एके काळी समुद्रावर पोर्तुगिजांचा जोर होता. गलबत न्यायचे तर त्यांचा परवाना घ्यावा लागे. परवाना नसला की माल जप्त! समुद्र आपला, गलबत आपलं, पण वाट दुसऱ्याच्या हातात. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी स्वतःचे परवाने सुरू केले. आमच्या पाण्यातून जायचे तर आमचा दस्तक घ्या, असे त्यांनी परक्यांना बजावले. इंग्रजांना ते रुचले नाही. त्यावरून लढाया झाल्या.

आज असाच एक समुद्र मोबाईलमध्ये आहे. मासळीचा भाव, वादळाची खबर, लग्नाचे आमंत्रण, सारे त्यावरून जाते. पण त्यातली गलबते कुणाची? व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम अमेरिकेतल्या मेटा कंपनीची. टिकटॉक चीनमधल्या बाइटडान्स कंपनीने काढले.

१५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झटापट झाली. आपले २० जवान धारातीर्थी पडले. २९ जूनला भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ प्रमाणे हा हुकूम निघाला. देशाची सुरक्षा आणि सार्वभौमत्व धोक्यात आहे, असे कारण सरकारने दिले.

हे बरोबर झाले का? दोन्ही बाजू पाहू.

काही म्हणतात, बरोबर झाले. ॲप आपली माहिती गोळा करते. आपण कुठे जातो, काय पाहतो, कुणाशी बोलतो, हे त्याला कळते. चीनच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे तिथल्या कंपन्यांना सरकारच्या गुप्तहेर खात्याला साहाय्य करावे लागते. मग आपल्या घरची गोष्ट कुठवर जाईल, कोण सांगणार?

दुसरे म्हणतात, थांबा. टिकटॉक आपल्या देशात सुमारे २० कोटी लोक वापरत होते. त्यांत शेतकरी होते, मजूर होते, घरकाम करणाऱ्या बायका होत्या. कुणी गाणं म्हणे, कुणी नाच करी. पहिल्यांदाच त्यांना चार लोक ओळखू लागले होते. ते सारं एका रात्रीत गेलं. त्यांना कुणी विचारलं नाही. त्याच महिन्यात, ३ जूनला, निसर्ग वादळाने आपल्या किनाऱ्यावर विजेचे खांब पाडले, फोन मुके झाले. वादळ काही कुणाला विचारून येत नाही. पण सरकारचा हुकूम हे वादळ नव्हे. त्याने कारण सांगितलेच पाहिजे.

शेजारच्या नेपाळात काय झाले पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने नोंदणी केली नाही म्हणून २६ ॲप बंद केली. तरुण रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, माणसे मेली. बंदी उठवावी लागली आणि पंतप्रधानांनी राजीनामा दिला.

मग आम्ही काय म्हणतो? बंदीचा अधिकार सरकारजवळ असावा. शत्रूला दार उघडे ठेवणे शहाणपण नव्हे. पण परका म्हणून वाईट आणि आपला म्हणून चांगला, असे नसते. देशी कंपनीही माहिती विकू शकते. म्हणून नियम सर्वांना एकच हवा. कारण लोकांना कळले पाहिजे. ज्याचे ॲप बंद होते त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे आणि कोर्टाचे दार उघडे राहिले पाहिजे. नाहीतर आज ॲप बंद करणारा हात उद्या आपले तोंडही बंद करील.

आणि थोडे आपल्याही हातात आहे. ॲप घेताना ते परवानगी मागते. टॉर्चच्या ॲपला आपल्या फोनमधले सर्व नंबर कशाला हवेत? अशा वेळी बेलाशक 'नाही' म्हणा. कान्होजींनी परवाना देण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. आपण निदान आपल्या फोनचा तरी ठेवू या.

विचार करा आणि सांगा :
१. कान्होजींनी स्वतःचे परवाने का सुरू केले?
२. २०२० च्या बंदीने कुणाचा फायदा झाला? कुणाचे नुकसान झाले?
३. आपल्या फोनमधले कोणते ॲप कुठल्या देशाचे, ते शोधून वहीत लिहा.