आगरापलीकडे केबल नेताना

रत्नागिरी,
अक्षय्य तृतीया

चि. बाळू,


आगराच्या टोकाला पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्यांत तुला इंटरनेट न्यायचं आहे आणि त्यासाठी कॅट-६ केबलचं बंडल आणून ठेवलं आहेस, असं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. बंडल फोडलं नसशील तर बरंच. अंतर ७० मीटर आणि केबल चालते १०० मीटरपर्यंत, हा तुझा हिशोब चोख आहे. तरीही घर आणि खोल्या यांच्यामध्ये तांब्याची तार टाकू नकोस. तिथे काचेची केबल टाक, म्हणजे फायबर.

कारण समजून घे. घराचं अर्थिंग वेगळं, खोल्यांचं वेगळं. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण जवळपास वीज पडली की तिचा प्रवाह जमिनीत पसरतो आणि तेवढ्या अंतरातही दोन अर्थिंगमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो. त्यात आपली जमीन जांभ्याची. वैशाखात वाळलेल्या कातळात वीज सहजी जिरत नाही, त्यामुळे फरक आणखी वाढतो. दोन्ही टोकांना तांब्याची तार असली की तो झटका तिच्यातूनच वाट काढणार. नेटवर्कच्या पोर्टमागे एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर असतो. तो साधारण दीड हजार व्होल्ट अडवतो, पण विजेपुढे त्याचा काय पाड लागणार? वीज तारेवरच पडायला हवी असंही नाही. आसपास कोसळली तरी लांब तारेत झटका उत्पन्न होतो. टेलिफोन खात्यात आमच्या एक्स्चेंजमध्ये बाहेरून येणाऱ्या जोड्यांवर असे झटके जमिनीत सोडणाऱ्या छोट्या नळ्या बसवलेल्या असत, त्या उगाच नव्हेत.

दुकानदार म्हणेल, शील्डवाली भारी केबल घ्या. दोन इमारतींच्या मध्ये ती तर नकोच. तिचं धातूचं आवरण दोन्ही टोकांना अर्थ झालं की दोन अर्थिंगची गाठच मारली जाते.

काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे हा प्रश्नच मिटतो. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर लागतील. एकाच तंतूवर चालणारे घेतलेस तर ते जोडीचेच घे. एक ज्या रंगाचा प्रकाश पाठवतो तो दुसऱ्याला वाचता यायला हवा, दोन सारखे आणलेस तर बोलणार नाहीत. केबल सिंगल मोड आणि बिनधातूची माग. घरोघरी इंटरनेट देताना वापरतात त्या चपट्या ड्रॉप केबलमध्ये बऱ्याचदा आधाराला पोलादी तार असते. ती राहिली तर काच घेऊन काय मिळवलंस? तारेऐवजी एफआरपीची काडी असलेली केबल मिळते, ती घे. टोकं स्प्लायसिंग मशीनवाल्याकडून जोडून घे. कापलेल्या काचेचे तुकडे डोळ्याला दिसत नाहीत पण बोटात जातात, ते चिकटपट्टीवर गोळा करायचे. आणि चालू फायबरच्या टोकात डोळा लावून बघायचं नाही. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

आता वाट. माडामाडांना बांधून न्यायचा मोह होईल. वाऱ्यात माड डुलतात, झावळी पडली की केबल खाली. विजेच्या खांबाला तर हातही लावू नकोस. गडग्याच्या कडेने एचडीपीई पाइप ने आणि गाडी जाते तिथे दोन फूट खोल गाड. खोल्यांना लाइट देणारी केबल आहे तिच्यापासून हा पाइप फूटभर लांब ठेव. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांड. दोन्ही एका पाइपात कधीही घालू नकोस. पाइपात एक जादा नायलॉनची दोरी सोडून ठेव, पुढे दुसरी केबल ओढायला उपयोगी पडेल. पाइपात पाणी शिरत नाही, या भ्रमात राहू नकोस. पहिल्याच पावसाळ्यात शिरतं, म्हणून आतली केबलही बाहेर वापरायचीच हवी.

भिंतीला भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला उतरतं ठेव. भोकात शिरण्याआधी केबल वीतभर खाली सोडून मग वर घे. पावसाचा थेंब केबल धरून घरंगळत येतो. त्या सखल वळणाशी आला की तिथून खाली गळतो, भिंतीत जात नाही. मग सिलिकॉनने भोक बुजव, नाहीतर मुंग्या आत वारूळ करतील.

एक मात्र ध्यानात ठेव. खोल्यांकडे जाणारी विजेची केबल तांब्याची असो की अॅल्युमिनियमची, तिच्यातून झटका यायचा तो येणारच. दोन्हीकडच्या बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवून घे आणि अर्थिंगचं माप परवानाधारक वायरमनकडून काढून घे. ते तुझं काम नव्हे.

आणलेलं बंडल वाया जाणार नाही. माजघरात, माडीवर, पडवीच्या कॅमेऱ्यापर्यंत ते चालेल, कारण तिथे इमारत एक आणि अर्थिंगही एक. आधी एक तार ब्लेडने खरवडून बघ. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम, कॅमेऱ्याला त्यावरून वीज देऊ नकोस. घरातली राखाडी केबल उन्हात वर्ष-दोन वर्षांत तडकते, म्हणून वळचणीबाहेर काळी पॉलिथिनची लाव.

हे सारं वळवाच्या आत उरक. शिडी बांबूची घे, विजेच्या सर्व्हिस वायरजवळ अॅल्युमिनियमची नको. लखलखाट आणि गडगडाट यांच्यात तीस सेकंदांहून कमी अंतर असलं, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आली. हातातलं काम टाकून घरात जायचं. प्लग काढायचे तेही त्याआधी, वीज चमकत असताना नाही.

पाइप टाकून झाला की माती लोटण्याआधी फोटो काढ आणि कुठून कुठे, किती खोल, हे कागदावर काढून मीटरच्या पेटीत ठेव. पुढच्या वर्षी तुझे बाबा नवा माड लावायला पहार घेऊन निघतील, तेव्हा तू मुंबईला असशील.

तुझा,
अण्णामामा