जिलाँग शहरांतील मंडळींच्या शाळा

मंडळीनें शाळा चालवावी आणि तिला सरकारानें ग्रँट द्यावी, हें आपल्या वाचकांस नवें नाहीं. ऑस्ट्रेलिया देशांत मात्र ह्याच एका गोष्टीवरून शंभर वर्षें वाद चालला. तो नीट समजावा म्हणून आम्ही व्हिक्टोरिया प्रांतांतील जिलाँग हें शहर घेतों. मेलबर्नच्या नैर्ऋत्येस सुमारें ७५ किलोमीटरवर, कोरिओ उपसागराच्या कांठीं तें वसलें असून लोंकरीच्या व्यापारावर वाढलें.

येथें १८५५ सालीं आंग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या मंडळीच्या, लोकांनीं जिलाँग ग्रामर स्कूल काढिलें. पैशाच्या अडचणीनें तें १८६० त बंद पडलें व १८६३ त पुन्हां उघडलें. मध्यंतरीं १८६१ त प्रेसबिटेरियन लोकांनीं जिलाँग कॉलेज स्थापिलें. (नांव कॉलेज असलें तरी ती शाळाच आहे, तेथें पदवी मिळत नाहीं.) ही शाळा पुष्कळ वर्षें खासगी मालकीची होती, १९०८ सालीं ती मंडळीनें आपल्याकडे घेतली. पुढें १९७७ त प्रेसबिटेरियनांपैकीं बहुतेक, तसेच मेथडिस्ट व काँग्रिगेशनल, मिळून युनायटिंग चर्च झालें, तेव्हां शाळेचा संबंध त्या मंडळीशीं जडला.

आतां वादाचें मूळ पाहूं. १८७२ सालीं व्हिक्टोरियाच्या सरकारानें कायदा केला कीं, प्राथमिक शिक्षण फुकट, सक्तीचें व धर्मनिरपेक्ष असावें. लवकरच मंडळींच्या शाळांची ग्रँट थांबली. रोमन कॅथोलिकांनीं हें मानिलें नाहीं. त्यांच्या जोगिणींनीं व ब्रदरांनीं अल्प मोबदल्यावर शिकवून गरिबांच्या शाळा जगविल्या. प्रॉटेस्टंटांनीं आपल्या बहुतेक प्राथमिक शाळा सोडून दिल्या आणि फी घेणाऱ्या थोड्या शाळा तेवढ्या ठेविल्या. म्हणजे गरिबांचीं मुलें सरकाराकडे गेलीं व धनिकांचीं मंडळीकडे राहिलीं! हें कोणीं ठरवून केलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण झालें तें असें.

१९६४ सालीं मेन्झीस ह्यांच्या सरकारानें शास्त्राच्या प्रयोगशाळांकरितां सर्व शाळांस पैसे दिले, आणि ग्रँटीचें दार पुन्हां उघडलें. विरोधक न्यायालयांत गेले. राज्यघटनेच्या ११६ व्या कलमान्वयें कोणताहि धर्म राजधर्म म्हणून स्थापितां येत नाहीं, हें त्यांचें म्हणणें. १९८१ त तेथील वरिष्ठ न्यायालयानें सहा विरुद्ध एक अशा मतांनीं निर्णय दिला कीं, शाळेस पैसे देणें म्हणजे धर्म स्थापणें नव्हे. आतां ग्रँट ठरवितांना पालकांची मिळकतहि पाहतात, हें आम्हांस योग्य वाटतें.

ग्रामर स्कूलचे हेडमास्तर जेम्स डार्लिंग (१९३० ते १९६१) ह्यांना श्रीमंतांच्या मुलांची ही चिंता होती. त्यांनीं १९५३ त डोंगरांत टिंबरटॉप नांवाची शाखा उघडली. तेथें नववीचीं मुलें वर्षभर राहतात आणि स्नानाच्या पाण्यासाठीं स्वतः लाकडें फोडतात. इंग्लंडचे हल्लींचे राजे चार्ल्स हेहि १९६६ त तेथें होते. शिक्षण चांगलें खरें. परंतु ह्या शाळेची फी देशांतील सर्वांत जड फियांपैकीं आहे. कांहीं शिष्यवृत्त्या आहेत, पण त्या थोड्यांनाच मिळतात. शाळेच्या शेजारींच कोरिओ व नॉर्लेन ह्या कामगारांच्या वस्त्या आहेत. १९२५ पासून चाललेला फोर्ड मोटारींचा कारखाना २०१६ सालीं बंद झाला, तेव्हां त्याची झळ ह्याच वस्त्यांस लागली.