एकच किल्ली सर्व कुलपांना नको

दुकान, गोदाम आणि घर या तिन्हींना एकाच किल्लीचे कुलूप आम्ही व्यापारी कधी लावत नाही. ईमेल, बँक आणि माल मागवण्याची खाती यांना मात्र आमच्यापैकी बरेच जण एकच पासवर्ड ठेवतात. यातला धोका दोन घटनांवरून समजून घेऊ.

पहिली घटना पुण्यातलीच. एप्रिल २००५ मध्ये येथील एका कॉल सेंटरच्या प्रकरणात पोलिसांनी अटका केल्या. सिटीबँकेच्या चार अमेरिकन खातेदारांकडून बोलता बोलता पिन काढून घेतले गेले होते आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील खात्यांत वळवले गेले होते. कुलूप तोडावे लागलेच नाही, किल्ली मालकानेच सांगितली.

दुसरी घटना मे २०१७ ची. झोमॅटो कंपनीच्या सुमारे १ कोटी ७० लाख ग्राहकांची माहिती चोरीस गेली. कंपनीच्या खुलाशानुसार मूळ कारण २०१५ मधले होते. त्या वर्षी वेबसाईटना जागा देणाऱ्या एका परदेशी कंपनीतून ग्राहकांचे पासवर्ड फुटले. त्यात झोमॅटोच्या एका प्रोग्रामरचाही पासवर्ड होता आणि कामाच्या दुसऱ्या खात्यालाही त्याने तोच ठेवला होता. चोरी झाली एकीकडे, दार उघडले दुसरीकडे, तेही दीड-दोन वर्षांनी! फुटलेली यादी शिळी होत नाही.

म्हणून आपले खाते असलेल्या ठिकाणची माहिती फुटल्याचे कळताच पुढील कामे करावीत.

१. प्रथम ईमेलचा पासवर्ड बदला. इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात.

२. फुटलेला पासवर्ड जिथे जिथे ठेवला असेल तिथे तिथे बदला. प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि लांब ठेवा. लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून वही तिजोरीत ठेवा, गल्ल्यावर नको.

३. ईमेल व व्हॉट्सअ‍ॅपवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये अनोळखी यंत्र दिसल्यास ते काढून टाका.

४. फोन करणाऱ्याने आपले नाव, पत्ता, जुनी ऑर्डर अचूक सांगितली तरी विश्वास ठेवू नका. ती माहिती फुटलेल्या यादीतलीही असू शकते. ओटीपी किंवा पिन कुणालाही सांगू नका.

५. पैसे गेलेच तर त्याच दिवशी बँकेला कळवा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात, बँक व ग्राहक दोघांचाही दोष नसताना तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्यावर नुकसानीचा बोजा नाही, असे म्हटले होते. पिन स्वतः सांगितला असल्यास मात्र बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच.

ही बाब आपल्या एकट्याच्या पैशाची नाही. रविवार पेठेतल्या एखाद्या व्यापाऱ्याचे व्हॉट्सअ‍ॅप चोराच्या हाती गेले, तर तो सातारा-बारामतीच्या गिऱ्हाईकांना लिहील, 'आमचे बँक खाते बदलले, थकबाकी नव्या खात्यात टाका.' पैसा गिऱ्हाईकाचा जाईल आणि बाजारातली साख आपली जाईल. गिऱ्हाईकांचे नंबर आणि उधारीचा हिशेब ही आपल्याकडची अमानत आहे. तिची राखण करणे हा तिजारतीच्या इमानदारीचाच भाग आहे. आजच रात्री दुकान वाढवल्यावर निदान ईमेलचा पासवर्ड तरी बदलून टाकू या.