पवनचक्की आणि शर्यतीची कबुतरे

प्रश्न : ब्रिटनमध्ये घराजवळच पवनचक्क्या उभ्या राहणार आहेत. ढाबळीतली शर्यतीची कबुतरे वाट चुकतील का?

उत्तर : आधी धडकेची भीती. पाती लांबून सुस्त दिसतात, पण मोठ्या पवनचक्कीच्या पात्याचे टोक ताशी २५० किलोमीटरच्याही पुढे जाते. शर्यतीचे कबुतर बहुधा ताशी ६० ते ९०! उघडीप असेल तर अनुभवी पक्षी वळसा घेऊ शकतो. धुके असले किंवा ससाणा मागे लागला, की गणित बिघडते.

वाट चुकण्याचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. माणसाला ऐकूच येत नाही असा, ०.०५ हर्ट्झ इतक्या खालच्या पट्टीतला आवाज कबुतर टिपते, हे १९७९ मध्ये अमेरिकेत प्रयोगांतून दिसले. शास्त्रज्ञ जॉन हॅगस्ट्रम यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या कबुतरांच्या भरकटण्याचा संबंध अशाच ध्वनीशी जोडला. पवनचक्क्याही असा ध्वनी सोडतात. पण म्हणून त्या कबुतरांना भरकटवतात, असे ठरत नाही. सूर्य, चुंबकक्षेत्र, वास, अगदी रस्तेही पक्ष्याच्या मदतीला असतात.

खरी काळजी पिल्लांची. नव्या खांबांभोवती त्यांना स्वच्छ हवेत, थोड्या अंतरावरून सोडून सरावू द्यावे. कंपनीकडे एक पाते काळे रंगवण्याचा आग्रहही धरावा. नॉर्वेतील स्मोला बेटावर त्याने पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी घटले, अर्थात हा फरक कबुतरांत नव्हे, मुख्यतः गरुडासारख्या शिकारी पक्ष्यांत दिसला.